तिखाडीच्या तेलाचा वास

परवा पांढरकवड्याच्या बाजारात कुणीतरी तिखाडीच्या तेलाची बाटली उघडली, आणि रानगवताच्या त्या गुलाबासारख्या वासानं मला थेट मामाच्या ओसरीवर नेऊन बसवलं. मामाला जठराचा कॅन्सर झाला होता. नागपूरला केमो चालू होती आणि ताट समोर आलं की त्याला मळमळायचं. भेटायला येणारा प्रत्येक पाहुणा कसल्या ना कसल्या तेलाची बाटली आणायचा, यानं गाठ विरते म्हणायचा. मामीनं पिशवीभर बाटल्या डॉक्टरांच्या टेबलावर मांडल्या. ते म्हणाले, अशा तेलांवर प्रयोगशाळेत काम चाललंय, पण ते अजून औषध झालेलं नाही. प्यायचं नाही, केमो चुकवायची नाही, वासानं बरं वाटलं तर घेऊ द्या. त्या संध्याकाळी मामीनं तिखाडीचे दोन थेंब दुपट्ट्याला लावून तो मामाच्या खांद्यावर टाकला. आमच्याकडे हे तेल बैलांच्या दुखऱ्या खांद्याला चोळतात, आणि पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदे शेकून बैलांना जेवणाचं आवतन देतात. मामानं डोळे मिटून लांब श्वास घेतला. "काहून वं," तो मामीला म्हणाला, "खांद्याले तेल लावलं, अन् आवतन नाही देल्लं?" मामी हसू दाबत, बैलांना म्हणतात तसंच म्हणाली, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." "उद्यापर्यंत कोन थांबते? आताच वाढ." त्यानं वाटीभर वरणभात संपवला, आणि मामी भांडं घासायच्या निमित्तानं बराच वेळ आत राहिली. मामा बरा झाला तो ऑपरेशननं आणि केमोनं, हे तोही मानतो. पण पोळ्याच्या आदल्या दिवशी गोठ्यात बैलांच्या रांगेत मामीकडून तेल लावून घ्यायला अजूनही पहिला खांदा त्याचाच असतो.