कडूबाच्या दारात नको

वडीगोद्रीत कुठलीबी सोय यायची म्हटली की कडूबा आधी "झ्याक!" म्हणायचा आणि लगेच, "पर माझ्या दारात न्हाई." लई हट्टी गडी! शहाऐंशी साली त्याच्या घरापुढं हापसा बसवायचं ठरलं. चिखल होईल, बायांची भांडणं ऐकावी लागतील म्हणून त्यानं बोअर पाडायला आलेली गाडीच अडवली. हापसा नाल्यापल्याड गेला. पुढं पिठाची गिरणी आली, बालवाडी आली. त्यांचा कालवा कुणाला पायजे? त्याबी पल्याड गेल्या.

हायस्कुलात इंग्रजी शिकवणारे महेमूद सर एकदा हसत म्हणाले, "काका, तुमच्यासारख्यांसाठी इंग्रजीत नवा शब्द निघालाय, निंबी. अमेरिकेत विषारी कचरा पुरायची वेळ आली तर लोक म्हणले, कुठंबी पुरा, आमच्या परसात नको. त्याच इंग्रजी बोलण्याची, 'नॉट इन माय बॅक यार्ड'ची, पहिली अक्षरं जोडून केलाय."

"म्हंजे तिकडंबी शहाणी माणसं हायेत की!" कडूबाची छाती फुगली.

हळूहळू गल्लीतली घरंबी सोयीमागं पल्याड सरकली. कडूबाचा पोरगा-सूनसुद्धा गेले. इकडं इतकी शांतता, की कुत्रंबी भुंकंना. बायको उषाबाईचे गुडघे धरलेले, नाला ओलांडणं तिच्या नशिबातून गेलं. दिवसभर ओट्यावर बसून राह्यची.

एक दिवस ती म्हणाली, "अवं, आठ दिस झाले, तुमच्याबिगर माणसाचं तोंड न्हाई बघितलं. आन तुमी तरी कुठं बोलता!"

बाईमाणसाला बोलायला माणूस लागतं, हे कडूबाला आता उमगलं.

दोन हजार दोनच्या ग्रामसभेत सिमेंटच्या कचराकुंडीचा विषय निघाला. कुणालाच ती दारात नको होती. कडूबा उठला, "माझ्या दारात ठिवा."

"काका, ताप आलाय का?" सभा खदाखदा हसली. त्यानं कारण सांगितलं न्हाई. घरी येऊन मात्र म्हणाला, "आता केर टाकायला रोज बाया येतील. बस बोलत."

कुंडी बसली त्या सकाळी उषाबाई वेणी घालून, धुवट लुगडं नेसून ओट्यावर बसली. जुनी शेजारीण चतुराबाई पल्याडून टोपलं घेऊन आली.

"चतुरे, बस की गं, चहा ठिवते."

"इथं कुठं बसू बाई? वास मरणाचा!" नाकाला पदर लावून ती झपाझप निघून गेली. तिच्यामागून आलेल्याबी तशाच गेल्या. तोंड फिरवून उषाबाई रडली.

कडूबा तडक सरपंच बद्रीनाथकडं गेला. "कुंडी हलवा."

"हलवू की, काका. जागा तुमीच सांगा. कुणाच्या दारात ठिवू?"

कडूबानं पल्याडचं एकेक घर आठवून बघितलं; समद्यांचं उत्तर त्याचंच होतं, माझ्या दारात न्हाई. त्याला एकबी दार सुचलं न्हाई.