नव्या आडनावाची ओळ

रविवार, सकाळी दहा. माझ्या जेवणाच्या टेबलाशी हजर: मी, शेजारच्या सुमनताई कलाल आणि त्यांची कॉलेजात जाणारी लेक मेघना. काम एकच, मेघनाचं आडनाव बदलण्याचा अर्ज भरणं.

"सगळे विचारतात, तुमचं दारूचं दुकान कुठंय? काकू, कंटाळा आलाय मला," मेघना म्हणाली.

"दोन पिढ्या शाळामास्तर आहोत आम्ही," सुमनताई पुटपुटल्या.

जुनं आडनाव लिहून होताच मेघनाने त्यावर तळहात ठेवला, परीक्षेत उत्तर झाकावं तसा. तो हात पाहून मला राहवेना. मी कपाटातला जाडजूड शब्दकोश काढला आणि वाचता वाचता ओरडलेच, "अगं, हे बघ! कलाल म्हणजे मद्य विकणारा. मूळ संस्कृत शब्द कल्यपाल. कल्य म्हणजे मद्य आणि पाल म्हणजे सांभाळणारा!"

केवढा जुना शब्द! किती तोंडांतून फिरला, वापरातल्या लाटण्यासारखा झिजून गुळगुळीत झाला. आपण नुसती हाक मारतो, पण त्या हाकेत कुणीतरी अजून भट्टीचा जाळ राखत बसलेलं असतं, मोहाची फुलं उन्हात पसरत असतं.

"म्हणजे राखणदार? दुकानदार नाही?" मेघनाने विचारलं.

"दोन्ही गं," सुमनताई हसल्या. "राखल्याशिवाय दुकान चालतं होय?"

मेघनाने हात उचलला आणि ते नाव पुन्हा एकदा, मोठ्याने वाचलं.

पत्ता, फोटो, सह्या, सगळ्यांपुढे माझी बरोबरची खूण झाली आहे. 'नवे आडनाव' ही ओळ तेवढी अजून कोरी आहे.