अर्जातला सहावा प्रश्न

तो लिफ्ट दुरुस्त करायचा, म्हणून सगळे त्याला 'लिफ्टवाले' म्हणत. कामात चोख, बोलायला कमी, आणि कितीही धुतले तरी हातांना ग्रीसचा वास.

एका रविवारी तो दहा वर्षांच्या लेकीला घेऊन एका निवृत्त नर्सबाईंकडे गेला. रस्त्यावरची पिल्लं बाई उचलून आणायच्या, बरी करायच्या आणि चांगलं घर मिळालं की देऊन टाकायच्या. खोलीभर वर्तमानपत्रं अंथरलेली, दाराला आडवी फळी. फळीमागून एक तपकिरी पिल्लू डोकावलं. पाय आखूड, शेपूट लांब, एक कान उभा, दुसरा पडलेला.

"याची जात कुठली?" लेकीनं विचारलं.

"चार-पाच जातींनी मिळून वर्गणी काढलीय गं," बाई हसल्या.

लेक त्याला मांडीवर घेऊन तिथंच फतकल मारून बसली. बाईंनी अर्ज पुढे केला. नाव, पत्ता, घरात कोण कोण, सगळं त्यानं भराभर लिहिलं. सहाव्या प्रश्नाला पेन अडलं. 'आधी कुत्रा पाळला होता का? त्याचं काय झालं?'

"होता ना!" लेक म्हणाली. "मी पाच वर्षांची होते. म्हातारा झाला आणि झोपेतच गेला. हो ना बाबा?"

त्याची कानशिलं तापली. कुत्रा जेमतेम चार वर्षांचा होता. तेव्हाच्या नव्या घरमालकाला तो चालत नव्हता. एका दुपारी त्यानं कुत्र्याला कामाच्या गाडीत घातलं, गावाबाहेरच्या बंद गोदामाशी नेलं, बिस्किटांचा पुडा फोडून समोर ठेवला आणि गाडी काढली. वळणापर्यंत कुत्रा आरशात पळताना दिसत होता. घरी येऊन त्यानं ती थाप मारली होती.

तीच आताही खपली असती. लेक तर साक्षीदारच होती. तिच्या त्या भाबड्या चेहऱ्याकडे त्याला बघवेना. त्यानं पेन खाली ठेवलं.

"तो मेला नव्हता, बाळा. मी त्याला सोडून आलो होतो."

"कुठे?"

त्यानं सांगितलं.

"मग परत आणायला नाही गेलास?"

"नाही. तो तिथेच वाट बघत बसलेला दिसला असता, तर?"

लेकीनं पिल्लू खाली ठेवलं. बाईंनी अर्ज ओढून घेतला. "आज देत नाही. दर रविवारी या, फरशी पुसा, पिल्लांना न्हाऊ घाला. मग बघू."

घरी जाताना लेक चार पावलं पुढेच चालली. आठवडाभर तिनं कामापुरतंच तोंड उघडलं. तो एकटाच जाऊन फरशी पुसू लागला. चौथ्या रविवारी लेक बरोबर निघाली आणि तिनं बादली धरली. सातव्या रविवारी बाईंनी पिल्लू तिच्या हातात दिलं, त्याच्या नाही.

आता पिल्लू चांगलं बाळसेदार झालंय. जिन्यात भेटणारे शेजारी म्हणतात, "मोठ्या मनाचे हो तुम्ही, नाहीतर असलं पिल्लू कोण घेतं?" त्याला कुठं तोंड लपवावं कळत नाही. तो मान खाली घालून पायऱ्या उतरतो. पिल्लाला फिरवायला नेताना लेक रोज बरोबर असते, कितीही अभ्यास असला तरी. पट्टा तिनं अजून एकदाही त्याच्या हातात दिलेला नाही, आणि त्यानंही कधी मागितलेला नाही.