फ्रीजरमधले चमचे

डोळ्यांखालचे खळगे इंजेक्शनं घेऊन भरून घ्यायचे, ही कल्पना माझी. कुणी मला भरीला घातलं नव्हतं. साठी उलटलेल्या, शाळेतून निवृत्त झालेल्या बाईनं असं काही केलं तर रत्नागिरीत वर्षभराच्या करमणुकीची सोय होते, हेही मला ठाऊक होतं. म्हणून कुणालाच सांगितलं नाही. मुलीलाही नाही.

कारण होतं माझ्या नवऱ्याचं. दोन वर्षांपासून त्यांना विसर पडत चालला आहे. अलोऱ्याला वीजप्रकल्पाच्या ऑफिसात जन्मभर नकाशे काढलेला माणूस, आता न्हाणीघरातून स्वयंपाकघरात येताना वाट चुकतो. चष्मा तांदळाच्या डब्यात सापडतो. हे सगळं मी निभावत होते. पण एका सकाळी मी चहा पुढे ठेवला, तर त्यांनी मोठ्या अदबीनं विचारलं, "आपण कोण?"

मी भडकले. माझा स्वभावच तसा. भिंतीवरचा आमचा जुना फोटो खाली काढून त्यांच्यासमोर धरला आणि विचारलं, "मग ही कोण?"

"ही? ही आमची मंडळी," असं म्हणून ते इतके गोड हसले, की मला त्या फोटोतल्या बाईचा राग आला.

आरशात पाहिलं. दोन वर्षांच्या अर्धवट झोपांनी डोळे पार खोल गेले होते. मला वाटलं, एवढे खळगे भरले तर फोटोतला चेहरा परत येईल आणि ते मला ओळखतील. ज्यांना हसायचं असेल त्यांनी खुशाल हसावं. आधी स्वतःच्या माणसानं "आपण कोण?" असं विचारलेलं ऐकावं आणि मग हसावं.

कोल्हापूरच्या एक डॉक्टरीणबाई दर पंधरा दिवसांनी इथल्या दवाखान्यात येतात. त्यांनी काही लपवलं नाही. सूज येईल, काळंनिळं होईल, पंधरवड्यात उतरेल, म्हणाल्या. गार घडी ठेवा, पण बर्फ थेट लावू नका. चोळू नका, शेकू नका. दोन उशा घेऊन झोपा, खारट कमी खा, मनानं गोळ्या घेऊ नका. मी घरी येऊन चार स्टीलचे चमचे फ्रीजरमध्ये ठेवले. रुमालात गुंडाळून ते डोळ्यांखाली धरायचे, असा बेत.

दुसऱ्या दिवशी उठले तर डावा डोळा अर्धा मिटलेला आणि खाली कोकमाच्या आगळाचा रंग. करायला गेले गणपती आणि झाला मारुती. स्वयंपाकघरात आले तर हे फ्रीज उघडून उभे, हातात गार पडलेला चमचा.

"हे मीच ठेवले ना गो?"

त्यांचा चेहरा पडला होता. चमचे माझे आहेत, एवढंच मला म्हणायचं होतं. पण मग कशाला ठेवलेस, हा प्रश्न आला असता. मी म्हटलं, "असू दे. होतं असं." त्यांनी चारही चमचे पुसून फळीवर लावले आणि दिवसभर स्वयंपाकघराकडे फिरकले नाहीत.

तिसऱ्या दिवशी शेजारच्या वहिनी डबा परत द्यायला आल्या. "अगो बाई, हे काय गो?"

"कपाटाचं दार लागलं."

त्यांनी पुढे काही विचारलं नाही. अर्ध्या तासात आंबेहळद उगाळून, गरम लेप घेऊन हजर. मुका मार म्हटला की आमच्या आळीत आंबेहळदच. नको म्हणावं तर का नको ते सांगावं लागणार. वहिनींनी कढत लेप अंगठ्यानं चांगला चोळून लावला आणि मी दात आवळून बसले. त्या गेल्यावर लगेच धुतला, तरी दुसऱ्या सकाळी सूज गालापर्यंत पसरली. मग आणखी दोन घरांतून आंबेहळद आली. येणारी प्रत्येक बाई माझ्या डोळ्याकडे बघायची आणि मग पडवीत खुर्चीवर बसलेल्या यांच्याकडे. बाईला लागणारं कपाट कोणतं असतं, हे आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सगळ्यांना माहीत आहे. जन्मभर पोरांना शहाणपण शिकवणाऱ्या मला तेवढं कळायला दोन दिवस लागले.

पाचव्या दिवशी वहिनी पडवीतच थांबल्या. मी आत डोळ्यावर चमचा धरून बसले होते. त्यांचा आवाज अगदी मऊ होता.

"भावोजी, तुम्हाला आठवत नाही हे आम्हाला कळतं हो. पण हात आवरा जरा. तिनं किती सोसायचं?"

बाहेर जायला चार पावलं होती. "मी इंजेक्शनं घेतलीत" एवढं म्हणायचं, मिनिटभराची लाज. मी उठेपर्यंत फाटक वाजलं. मी उठायला वेळ लावला, हे खरं आहे.

हे आत आले. आधी स्वतःच्या हातांकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"मी मारलं तुला?"

तेव्हा मी सगळं सांगितलं. डॉक्टरीणबाईंचा कागद दाखवला, चमचे दाखवले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे चमचे मी ठेवले नव्हते?"

"नाही."

"आणि मारलं पण नाही?"

"नाही हो. तुम्ही मला कधी बोटसुद्धा लावलेलं नाही."

ते हसले, चहा मागितला. मी तशीच शेजारी गेले, वहिनींनाही रडत रडत सगळं सांगितलं. त्या "बरं बरं" म्हणत माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. नवऱ्याला पाठीशी घालणाऱ्या बाईचं जेवढं खरं मानतात, तेवढंच त्यांनी खरं मानलं.

संध्याकाळी यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा सांगितलं. दुसऱ्या सकाळी पुन्हा.

डाग हिरवट झाला, पिवळा झाला, गेला. खळगे भरले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, छान बसलंय. खरंच, चेहरा थोडाफार फोटोतल्यासारखा दिसतो.

आता त्यांना सख्ख्या बहिणीचं नाव आठवत नाही. जेवलो की नाही, तेही आठवत नाही. एवढी एकच गोष्ट आत कुठेतरी रुतून बसली आहे, आणि ती मी घातलेली आहे. सकाळी चहा ठेवला की ते मला "आपण कोण?" असं विचारत नाहीत. बघताक्षणी ओळखतात. अंगठा माझ्या डाव्या डोळ्याखाली अगदी अलगद टेकवतात.

"अजून दुखतंय गो? परत नाही मारणार."