पंधरावी काठी

चौदामास्तर हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. पण खरं नाव आता फक्त विजेच्या बिलावर उरलं होतं. त्यांच्याकडे गोल्फ शिकायला येणारं प्रत्येक पोर खेळायला उभं राहण्याआधी बॅगेतल्या काठ्या मोठ्यानं मोजायचं, प्रत्येकीच्या डोक्याला हात लावून. सगळं जग त्यांना क्लब म्हणतं, मास्तर मात्र काठ्याच म्हणायचे. नियम असा की खेळाडूजवळ चौदाच्या वर काठ्या नकोत. पंधरावी सापडली की दंडाचे फटके पदरात, आणि गोल्फमध्ये तर फटके जितके कमी तितकं चांगलं. सात वर्षांच्या पोरांच्या बॅगेत तीनच काठ्या असायच्या, तरी तीही मोजायची.

"तीनच तर आहेत, मास्तर," असं कोणी म्हटलंच तर उत्तर ठरलेलं असे. "आज तीन आहेत. चौदा होतील तेव्हा हात आपोआप फिरला पाहिजे. आणि बघणारं कोणी नसलं तरी मोजायचं."

पाण्याच्या टाकीमागं एक लांबट मैदान, त्याला तिन्ही बाजूंनी उंच जाळी आणि कोपऱ्यात एक पत्र्याची शेड, एवढाच मास्तरांचा कारभार. शेडमध्ये लोखंडी पकड, लोखंड कापायची करवत, रबरी मुठींचं खोकं आणि एक पाय तुटलेली खुर्ची. मोठ्या माणसांनी टाकून दिलेल्या काठ्या मास्तर गोळा करायचे, पोराला भिंतीशी उभं करून माप घ्यायचे, काठी कापायचे आणि तिला नवी मूठ बसवायचे. मास्तरांकडच्या प्रत्येक पोराची पहिली काठी अशी कापून तयार झालेली. मूठ बसवताना ते कुणाशी बोलत नसत. देवानं बोलायला तोंड दिलं होतं, पण त्यांनी ते मुख्यतः ओरडायला वापरलं. कौतुक करायची वेळ आलीच तर "बरं" म्हणायचे. एकदाच. दोनदा "बरं" मिळाल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं.

"मला लग्नात एक मिळालं होतं," काकू सांगायच्या. काकू म्हणजे मास्तरांची बायको. काठ्यांच्या डोक्यांवर घालायच्या कापडी टोप्या त्या शिवत. "हार घातल्यावर म्हणाले, बरं. मी अजून दुसऱ्याची वाट बघतेय."

मास्तरांच्या मनात एक सल होता आणि तो त्यांनी काही लपवला नव्हता. त्यांच्या हाताखालची पोरं चौदा-पंधरा वर्षांची झाली, चेंडू सरळ जायला लागला, की शहराबाहेरची मोठी अकादमी त्यांना उचलायची. तिथं काचेच्या भिंती, फटका मोजणारे कॅमेरे, आहारतज्ज्ञ, मनाचे डॉक्टर. त्यांतली दोघं पुढं देशोदेशीच्या स्पर्धा जिंकून आली, टीव्हीवर झळकली आणि मुलाखतीत अकादमीचे आभार मानून मोकळी झाली. मास्तरांनी टीव्ही बंद केला आणि दोन दिवस जेवताना कुणाशी बोलले नाहीत. तसे ते एरवीही बोलत नसत, त्यामुळे काकूंना तिसऱ्या दिवशी कळलं.

भिंगरी मात्र टिकली. ती एका रंगाऱ्याची मुलगी. शेडला रंग द्यायला बाप आला तेव्हा सात वर्षांची ही पोर बरोबर आली आणि काठी हातात घेऊन इतक्या जोरात फिरली की चेंडू जागेवर आणि स्वतः जमिनीवर. तेव्हापासून तिचं नाव भिंगरी. मास्तरांनी एक जुनी सात नंबरची काठी कापून तिला दिली. मुठीला गुंडाळायला त्या दिवशी काळी पट्टी नव्हती, म्हणून रंगाऱ्याच्या डब्यातली पिवळी चिकटपट्टी लावली. त्याला आता अकरा वर्षं झाली. अकादमीनं तिला दोनदा बोलावलं आणि दोन्ही वेळा ती "नंतर बघू" म्हणाली. शेवटी बापानंच मध्यम मार्ग काढला.

"यंदाच्या परीक्षेत पास झाली तर तुमच्याकडेच राहील, मास्तर. नाही झाली तर अकादमी. पोरीचं आयुष्य आहे."

यात चूक काहीच नव्हतं, त्यामुळे मास्तरांना भांडताही येईना.

ही परीक्षा म्हणजे चार दिवसांची स्पर्धा. पहिल्या आठांना व्यावसायिक खेळाडूचा परवाना, बाकीच्यांना पुढच्या वर्षीचा अर्ज. तीन दिवसांनंतर भिंगरी सहावी होती. चौथ्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी मास्तर तिच्या काठ्या पुसायला बसले, पुसता पुसता शेडच्या कोपऱ्यात त्यांना ती पिवळ्या पट्टीची चिमुकली काठी दिसली आणि त्यांचं काहीतरी बिनसलं. तिच्यावरची धूळ त्यांनी फुंकली, तिला मोठ्या काठ्यांच्या मधोमध बॅगेत सरकवलं आणि बॅगेची चेन लावली. काठी इतकी आखूड की वरून दिसायची नाही. आपण काय केलं ते त्यांनी काकूंनाही सांगितलं नाही.

सकाळी मैदानावर पोचल्यापोचल्या मास्तरांनी प्रसाधनगृह गाठलं. भिंगरी पहिल्या फटक्याला उभी राहिली तेव्हाही ते तिथंच होते. अकरा वर्षांत असं पहिल्यांदाच झालं. धावतपळत बाहेर आले तोवर चेंडू गेलेला, सगळे चालायला लागलेले. बॅग भिंगरीच्याच खांद्यावर होती. दोरीच्या अलीकडे, प्रेक्षकांत, रंगारी काखेत लांबलचक छत्री घेऊन उभा होता.

"आभाळात ढग नाही आणि छत्री कसली आणलीस?"

"असू दे, मास्तर. सांगता येत नाही," रंगारी म्हणाला आणि दुसरीकडे बघायला लागला.

अठरांपैकी पहिले चार होल, म्हणजे चेंडू खळग्यात घालायचे टप्पे, झकास गेले. पाचव्याला घडीचं स्टूल घेऊन आलेल्या एका आजीबाई मास्तरांशेजारी बसल्या. नात खेळतेय, खेळातलं मला ओ की ठो कळत नाही, असं त्यांनी आधीच सांगून टाकलं.

"एवढ्या काठ्या कशाला लागतात हो?"

आता हा प्रश्न म्हणजे मास्तरांचा जीव की प्राण. मास्तर खुलले. "चौदा! एकही जास्त नाही! आणि कसलीही असो बरं का आजी. वापरा, नका वापरू. नवी असो, जुनी असो, मोठी असो, पोराटोरांची कापलेली असो, बॅगेत पंधरावी आली की..."

एवढं बोलून मास्तर थांबले. तोंड उघडंच राहिलं.

"की काय?" आजीबाईंनी विचारलं.

"दंड," मास्तर म्हणाले.

हजारभर पोरांना चौदापर्यंत मोजायला लावणाऱ्या माणसानं पंधरावी काठी स्वतःच्या हातानं बॅगेत घातली होती. ती काठी आहे हेच त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं. त्यांच्या लेखी ती सात वर्षांची भिंगरी होती.

नियम त्यांना तोंडपाठ होता. होलमागे दोन फटके, जास्तीत जास्त चार. म्हणजे ते चार फटके पहिल्या दोन होलांतच बसले होते. आता सांगितलं काय आणि शेवटी सांगितलं काय, दंड तेवढाच. न सांगितलं तर? काठी तळाशी, आखूड, कुणाला दिसणार नाही. चार फटके म्हणजे सहावी पोर थेट बाराव्या-तेराव्या नंबरावर, म्हणजे अकादमी, काचेच्या भिंती आणि टीव्हीवर आणखी एका मुलाखतीत दुसऱ्यांचे आभार. मास्तर सहाव्या होलावर गप्प बसले. सातव्यावरही. आठव्यावर भिंगरीनं लांबून त्यांच्याकडे बघून हात हलवला, तेव्हा यांना हात वर करवेना.

बघणारं कोणी नसलं तरी मोजायचं, हे तिला कुणी शिकवलं होतं?

नवव्या होलाजवळ पंच उभे होते. मास्तर दोरीखालून वाकून पलीकडे गेले. गुडघा मुरगळला, चष्मा गळ्यात आला, पण गेले.

"साहेब, माझ्या मुलीच्या बॅगेत पंधरावी काठी आहे." विद्यार्थिनीच्या म्हणायचं होतं, ते मुलीच्याच आलं. "मी घातली. तिला माहीत नाही. शिक्षा मला करा असं म्हणता येत असेल तर तसं म्हणतो."

"तसं म्हणता येत नाही," पंच म्हणाले. माणूस सज्जन होता, पण चेहरा दगडी. त्यांनी खेळ थांबवला आणि भिंगरीला बॅग गवतावर रिकामी करायला सांगितली.

भिंगरीनं आधी पंचांकडे, मग मास्तरांकडे बघितलं. मास्तर बुटांकडे बघत होते. एकेक काठी बाहेर आली आणि गवतावर ओळीनं मांडली गेली. सगळ्यांत शेवटी पिवळ्या पट्टीची आली, बाकीच्यांच्या जेमतेम कमरेला लागणारी. मागं कुणीतरी हसलं.

पंचांनी मोजलं. "चौदा."

"परत मोजा," मास्तर म्हणाले.

"चौदाच आहेत."

"अहो, असं कसं होईल! चौदा त्या, आणि ही..."

"मास्तर," भिंगरी म्हणाली, "पाच नंबर बाबांकडे आहे."

सगळ्यांच्या माना दोरीकडे वळल्या. रंगाऱ्यानं ओशाळून छत्री वर केली. छत्रीच्या कापडातून काठीचं लोखंडी डोकं बाहेर डोकावत होतं.

"सकाळी मोजल्या," भिंगरी म्हणाली. "हात लावून. पंधरा आल्या. मग एक बाबांना दिली. खेळ सुरू व्हायच्या आधी हो, साहेब."

"मला म्हणाली मास्तरांना सांगू नका, घाबरतील," रंगारी दोरीपलीकडून ओरडला. "प्रसाधनगृहात आधीच अर्धा तास..."

"कळलं, कळलं!" मास्तर खेकसले. त्यांचे कान लाल झाले होते. आजीबाई स्टुलावरून उठून टाळ्या वाजवत होत्या. काय झालं ते त्यांना कळलं नव्हतं, पण चांगलं झालं एवढं कळलं होतं. पंचांच्या दगडी चेहऱ्यावर किंचित तडा गेला.

दंड झाला नाही. पण पाच नंबरची काठी नसल्याचा फटका बसलाच. बाराव्या होलावर नेमकं तेच अंतर आलं, भिंगरी दुसऱ्या काठीनं मारायला गेली ती चेंडू वाळूत घालून बसली. सोळाव्याला तर चेंडू एका झुडपाच्या फांद्यांखाली शिरला. मोठी काठी उभी धरायलाही जागा नव्हती. भिंगरी गुडघ्यांवर बसली, तिनं बॅगेत कोपरापर्यंत हात घातला आणि पिवळ्या पट्टीची काठी काढली. सात वर्षांच्या पोराच्या मापाची काठी फांदीखालून अलगद फिरली आणि चेंडू टुणकन मोकळ्यावर आला. मास्तरांनी रंगाऱ्याचा दंड इतका घट्ट धरला की दुसऱ्या दिवशी त्याला ब्रश उचलवेना.

भिंगरी आठवी आली. शेवटची, पण आत.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती शेडमध्ये आली तेव्हा मास्तर एकटेच मुठींचं खोकं आवरत होते. ते आधीच आवरलेलं होतं.

"मला वाटलं चुकून पडली असेल बॅगेत. ती काढायला मन झालं नाही, म्हणून पाच नंबर काढली," भिंगरी म्हणाली. "तुम्ही पंचांना सांगितलंत तेव्हा कळलं, मुद्दाम ठेवली होती. का ठेवली?"

मास्तरांनी दोन मुठी उगीच इकडच्या तिकडे केल्या. "तू जाशील असं वाटत होतं," ते म्हणाले. "सगळे जातात. जाताना माझं काहीतरी तुझ्याजवळ असावं, म्हणून. येडेपणा झाला."

"मग सोळाव्याला कशानं खेळले असते मी?"

मास्तरांनी खोक्याचं झाकण लावलं. भिंगरीनं बरोबर आणलेल्या बापाच्या छत्रीतून पाच नंबरची काठी काढली आणि लोखंडी पकडीत बसवली.

"ही कापा. परवापासून ती नवी पोरगी येतेय ना, टाकीवाल्याची? तिच्या मापाची करा."

"चांगली काठी आहे ही. भंगारातली नाही. तुझ्या बॅगेत लागते."

"माझ्या बॅगेत आता जागा नाही," भिंगरी म्हणाली. "तेरा आणि ही. मोजून बघा."

मास्तरांनी खरंच मोजल्या, प्रत्येकीच्या डोक्याला हात लावून. चौदाव्या वेळी हात खाली न्यावा लागला, पिवळ्या पट्टीपर्यंत. मग त्यांनी करवत उचलली, खडूनं काठीवर खूण केली आणि ती पुसून पुन्हा केली, कारण पहिली खूण धड दिसत नव्हती.

"बरं," ते म्हणाले.

भिंगरी दाराशी पोचली होती.

"बरं," मास्तर पुन्हा म्हणाले.

ती काकूंना सांगायला धावतच गेली.