शेठना न कळलेली गाडी

आमच्या सांगलीच्या शाळेत दसऱ्यानंतर मुलांनी बनवलेल्या यंत्रमानवांची स्पर्धा व्हायची. यंत्रमानव म्हणजे जुन्या टेपरेकॉर्डरच्या मोटरीवर पळणाऱ्या गाड्या. फळ्यापासून दारापर्यंत गुळाचा खडा ओढत न्यायचा, एवढंच. परीक्षक मात्र दरवर्षी हळदीच्या पेठेतले एक शेठ. बक्षिसाचा गूळ त्यांचा, म्हणून खुर्चीही त्यांची, असं आम्ही शिक्षक हसून म्हणायचो. पण ते खुर्चीवर बसायचेच नाहीत. धोतराचा सोगा खिशात खोचून प्रत्येक गाडीपुढे उकिडवे बसायचे आणि म्हणायचे, "मला यातलं काय कळत न्हाई. समजावून सांग."

एका वर्षी सातवीतल्या मुलीची गाडी सुरूच होईना. दसऱ्याला तिच्या आईने त्या गाडीची साग्रसंगीत पूजा केली होती. मुलगी अगदी रडकुंडीला आली. मी पुढे झाले, तर शेठनी मला हातानेच थांबवलं.

"वीज कुठनं निघती गं?"

"सेलमधून."

"मग कुठं जाती?"

तिचं बोट सेलवरून पत्र्याच्या पट्टीवर सरकलं आणि थबकलं. पट्टीवर वाळलेल्या हळदीचा थर होता. तिने तो फ्रॉकने खसाखसा पुसला. गाडी गुळासकट निघाली.

"मला अजून काय कळलं न्हाई," शेठ म्हणाले, "पर पळतीय झ्याक."

निघताना मी विचारलं, "शेठ, हळद तुम्हाला आधीच दिसली होती ना?"

"आवं बाई, सारा जन्म हळदीत गेला माझा," ते चपला घालत म्हणाले. "पर गाडी तिची हुती."