माझ्या पोटावरचे तीन डाग

मी शाळा शिकलो चौथीपर्यंत, तीही अर्धी. म्हणून डॉक्टर पुस्तक वाचून चांगला तयार होतो की मोबाईल बघून, यात मी तोंड घालू नये असं माझ्या मुलाचं मत आहे. पण हे भांडण ज्या पोटावरून झालं ते पोट माझं होतं. तेव्हा मी बोलणारच.

अंतर्गळ उतरला होता, डॉक्टर हर्निया म्हणतात तो. धोतर नेसायचं तर एका हाताने तो दाबून धरायचा आणि दुसऱ्या हाताने निऱ्या. वाकता येईना, शिंकता येईना. शेवटी मुलाने जुळे सोलापुरातनं रिक्षात घालून ज्या दवाखान्यात पोरं ऑपरेशन करायला शिकतात तिथं नेऊन टाकलं.

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी दोन शिकाऊ डॉक्टर आले. पोरीच्या हातात मोबाईल, पोराच्या काखेत उशीएवढं पुस्तक. सदरा वर केल्यावर बेंबीभोवतीचे तीन गोल डाग बघून पोरगी थांबली.

"बाबा, आधी ऑपरेशन झालंय ना?"

"न्हाय."

"दुर्बिणीचं?"

"न्हाय म्हणलो की!"

तिने मोबाईल पोराच्या नाकासमोर धरला. "बघ, तीन भोकं, अगदी अशीच. कालच व्हिडिओ बघितला मी."

पोराने पुस्तक उघडलं. कुठं? माझ्या पायांवर! दुर्बिणीची खूण एवढी रुंद नसते, पुस्तकात चित्र आहे, हे काहीतरी वेगळंच ऑपरेशन झालेलं दिसतंय, असं त्याचं म्हणणं.

"तुझं पुस्तक आपल्या जन्माआधीचं आहे."

"आणि तू व्हिडिओ पळवत पळवत बघतेस."

दोघांच्या मध्ये मी, सदरा वर धरून. वर पंखा. पोट गार पडलं तरी यांचं संपेना.

"बाबा, नीट आठवून सांगा हं," पोरगी म्हणाली.

"पेशंट विसरतात गं," पोरगा तिला म्हणाला. मी जणू भिंत!

"मग नसंल आठवत," म्हणालो आणि सदरा खाली ओढला.

रात्रभर उपाशी ठेवलं आणि सकाळी निरोप आला, जुन्या ऑपरेशनचे कागद आणल्याशिवाय टेबलावर घेणार नाही. मुलगा कामावरनं तडक आला.

"आबा, लहानपणी डागलंय हे सांगितलं नाहीत?"

"डागलंय का म्हणून कुणी विचारलं? ऑपरेशन झालंय का विचारलं. न्हाय झालं."

"आता कागद कुठनं आणू मी?"

"जिनं डागलं त्या म्हातारीच्या मसणातनं आण की."

तो कपाळाला हात लावून बाकावर बसला. बसू दे. मीही अंतर्गळ धरून बसलोच होतो. आता हे कधी चिरणार, का चिरणारच नाहीत, ही धाकधूक मलाच होती. पण आपण होऊन सांगायला जीभ वळेना.

दुपारी पोरगी एकटी आली. हातात मोबाईल नव्हता. खाटेच्या कडेला टेकली आणि म्हणाली, "आबा, हे डाग कशाचे आहेत?"

असं विचारल्यावर कोण सांगणार नाही? सांगितलं. लहान होतो, पोट फुगायचं, आई मेंढरांमागं. गावातल्या म्हातारीने विळा चुलीत लाल केला आणि टोक तीनदा टेकवलं. चौघांनी धरलं होतं.

"बाप रे! मग बरं वाटलं?"

"पोट दुखतंय म्हणायचं बंद केलं."

ती हसली, मग हसू गिळलं. तिने पोराला बोलावून घेतलं. त्याने पुस्तकात शोधलं, हिने व्हिडिओत. कुठंच विळा सापडला नाही. मग मोठ्या डॉक्टरांना विचारून ती परत आली आणि म्हणाली, "उद्या करू. आबा, शिकवायला एक फोटो काढू का?"

"काढ. पण तोंड येऊ दे त्यात."

"तोंड चालत नाही आबा."

"मग हे पोट कुणाचं, ते कळणार कसं?"

फोटो पोटाचाच निघाला.

ऑपरेशन चांगलं झालं, हे कबूल करतो. तिसऱ्या दिवशी धोतर दोन्ही हातांनी नेसलो. त्याच सकाळी चार-पाच नवी पोरं घेऊन ती पोरगी माझ्या खाटेशी उभी राहिली. मी सदऱ्याची बटणं सोडली, सदरा वर केला, तयार राहिलो. तिने खिशातनं मोबाईल काढला आणि सगळे माना खाली घालून त्यात माझं पोट बघायला लागले.

"अरे, मी हितंच हाय की!" मी ओरडलो.

"हो आबा, एक मिनिट," ती म्हणाली आणि बोटांनी फोटो मोठा केला.